धावपट्टीच्या टोकाला

गेल्या पावसाळ्यात आमच्याकडच्या एका अभ्यासवर्गात मला बोलायला बोलावले होते. विषय माझ्या नोकरीचा होता. छत्तीस वर्षे मी विमानतळांवर वीज-विभागात काढली. हेल्पर म्हणून लागलो आणि वरिष्ठ तंत्रज्ञ म्हणून निवृत्त झालो. बोलणे संपल्यावर मागच्या रांगेतले एक प्राध्यापक उठले आणि म्हणाले, "काका, माहिती चांगली दिलीत. पण विमानतळाचा आपल्या समाजाशी संबंध काय? आपल्यातले विमानात बसतात किती?" वर्गात हशा पिकला. मीही हसलो आणि धड उत्तर न देताच खाली बसलो. घरी आल्यावर मात्र मला माझाच राग आला. ते उत्तर आता लिहून देतो आहे.

प्राध्यापकांचा प्रश्न खोटा नव्हता. त्याची दिशा चुकली होती. धरणाविषयी बोलताना पाणी कोणाच्या शेताला गेले आणि घर कोणाचे बुडाले, हे विचारायला चळवळीने आपल्याला शिकवले. विमानतळाविषयी मात्र आपण फक्त तिकिटाचा दर विचारतो. याचे कारण उघड आहे. धरण आपण आतून-बाहेरून पाहिले आहे, त्याच्या भिंतीवर आपल्या आईबापांनी माती वाहिली आहे. विमानतळाला कंपाउंड असते आणि त्याच्या आत काय चालते हे कोणी सांगत नाही. म्हणून आधी आत काय चालते ते सांगतो.

छोट्या विमानतळावर गेलात तर पहिल्यांदा दिसते ती काचेची इमारत. वर्तमानपत्रात फोटो तिचाच येतो, फीत तिथेच कापली जाते. पण विमानतळ म्हणजे ती इमारत नव्हे. ती पत्र्याची शेड असली तरी विमान उतरू शकते. विमानतळ म्हणजे धावपट्टी, तिच्या दोन्ही बाजूंची मोकळी सपाट जमीन, अग्निशमन बंब, कंट्रोल टॉवर, वाऱ्याची दिशा दाखवणारी ती नारिंगी पिशवी, हवामानाची नोंद ठेवणारा माणूस, आणि आमचे वीजघर. दिवसातून एकच विमान येवो की दहा येवोत, हे सारे सज्ज ठेवावेच लागते. विमान येण्याआधी जीप धावपट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरते. एखादा खडा, मेलेला साप, टायरचा तुकडा, सुटलेला नट पडला आहे का ते पाहते. एवढासा नट इंजिनाने ओढून घेतला तर शेकडो जीव जातील. बंबावरची माणसे अंगावर जाड कोट चढवून तयार असतात. नियम असा की धावपट्टीच्या कोणत्याही टोकाला बंब तीन मिनिटांच्या आत पोचला पाहिजे, शक्यतो दोनच मिनिटांत. विमान येते, चाळीस मिनिटे थांबते आणि जाते. बाकीचा दिवस सारे पुन्हा वाट पाहतात.

हिशेब येथेच अडतो. खर्च दिवसभराचा आणि कमाई चाळीस मिनिटांची. त्यातही ऐंशीपेक्षा कमी आसनांच्या विमानाला सरकारी विमानतळावर उतरण्याचे भाडे माफ आहे, आणि छोट्या गावाला येते ते बहुधा तसलेच विमान. म्हणजे छोटा विमानतळ तोट्यात चालणे ही कोणाची लबाडी नसून साधे गणित आहे. एस. टी. ची गावखेड्यातली फेरी तोट्यात चालते, तसेच हे. सोय म्हणून तोटा सोसावा की नाही हा वेगळा वाद; मला तो येथे घालायचा नाही. मला विचारायचे आहे ते असे, की तोटा कमी करा असा वरून हुकूम आला म्हणजे कात्री कोणावर चालते? वैमानिक त्या विमानतळाचा नोकर नसतो. टॉवरमधला माणूस काढता येत नाही. बंबावर किती माणसे हवीत हे नियमाने ठरलेले; एक कमी झाला तर त्या दर्जाचे विमान उतरवता येत नाही. मग उरते काय? गवत कापणे, झाडलोट, संडास धुणे, सामान चढवणे-उतरवणे, ट्रॉल्या गोळा करणे. काटकसर करायची ती येथेच, कारण एवढीच कामे अशी आहेत की त्यांना कुठल्याही नियमपुस्तकाने माणसांची संख्या बांधून दिलेली नाही. आणि ही कामे करणारे हात कोणत्या वस्तीतून येतात हे या त्रैमासिकाच्या वाचकाला सांगायला नको.

हे झाले विमानतळ चालवण्याबद्दल. आता तो वाढवणे म्हणजे काय ते पाहू. आपल्या दृष्टीने खरी गोष्ट तिथे आहे.

विमानतळ हा जिन्यासारखा असतो. कोणते विमान तेथे येऊ शकते यावर त्याची पायरी ठरते. एटीआर-७२ हे पंखे असलेले सत्तर-बहात्तर आसनांचे विमान साधारण सत्तावीस मीटर लांब असते. अग्निशमनाच्या कोष्टकात ते पाचव्या दर्जात बसते आणि त्याला किमान एक बंब पुरतो. एअरबस-३२० साडेसदतीस मीटर लांब, म्हणून सहावा दर्जा, दोन बंब, जास्त पाणी, जास्त माणसे. एटीआरला जी धावपट्टी पुरते ती एअरबसला पुरत नाही. त्यातून आपला मराठवाडा-सोलापूरचा उन्हाळा. तापलेली हवा विरळ होते, पंखांना तिचा आधार कमी मिळतो आणि विमानाला उडण्यासाठी जास्त अंतर धावावे लागते. थंड मुलखात जी लांबी पुरेशी ठरते ती आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये अपुरी पडते.

लांबी वाढवली की प्रकरण तेवढ्यावर थांबत नाही. धावपट्टी संपली की साठ मीटरचा पट्टा, त्यापुढे विमान घसरले तर सावरायला मोकळी जागा. ती कमीत कमी नव्वद मीटर, आणि शिफारस दोनशे चाळीस मीटरची. त्याच्याही पुढे दिव्यांची रांग. साधी रांग असली तरी ४२० मीटर, आणि धुक्यापावसात यंत्राच्या आधाराने उतरायचे असेल तर ९०० मीटर. त्याच्याही पुढे कित्येक किलोमीटर हवेतली एक अदृश्य उतरंड. तिच्यात कोणतीही इमारत, टॉवर, झाड, धुराडे घुसता कामा नये. सोलापूरकरांना हे धुराडे चांगले ठाऊक आहे. होटगी रस्त्यावरच्या विमानतळाच्या वाटेत सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या वीजप्रकल्पाची चिमणी येत होती. वर्षानुवर्षे वाद चालला आणि १५ जून २०२३ रोजी ती पाडण्यात आली. नव्या विमानतळाचे उद्‌घाटन २९ सप्टेंबर २०२४ ला झाले, आणि गोव्याला पहिले विमान उडाले ते ९ जून २०२५ ला. उद्‌घाटन आणि विमान यांच्यात आठ महिन्यांहून जास्त अंतर! फीत कापल्याने विमान येत नाही हे माझे म्हणणे यावरून पटावे.

तर विमानतळ त्याच्या भिंतीशी संपत नाही. भिंतीबाहेर जो राहतो, जो रस्त्याने जातो, जो चूल पेटवतो, तोही विमानतळाच्या आतच असतो; फक्त त्याला ते कोणी सांगितलेले नसते.

याचा सर्वांत भीषण पुरावा आपल्या मराठवाड्यातच घडला. २६ एप्रिल १९९३. औरंगाबादचा, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचा, चिकलठाणा विमानतळ. दुपारी एकच्या सुमारास इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ मुंबईला निघाले. आत ११८ माणसे होती, ऊन रणरणत होते. विमान धावपट्टीच्या अगदी शेवटाशी उचलले गेले. टोकापलीकडे चारशे दहा फुटांवर रस्ता होता आणि रस्त्यावरून दाबलेल्या कापसाच्या गठड्यांनी भरलेला ट्रक चालला होता. विमानाचे डावे चाक आणि डावे इंजिन ट्रकवर आदळले. पुढे ते सुमारे तीन किलोमीटरवर उच्च दाबाच्या विजेच्या तारांना धडकले आणि कोसळले. ५५ माणसे मेली. मी त्या वेळी दुसऱ्या गावी नोकरीला होतो. संध्याकाळी रेडिओवर ऐकले आणि आमच्या वीजघरात रात्रभर कोणी कोणाशी बोलले नाही.

चौकशी न्यायालयाने दोन कारणे दिली. एक, वैमानिकांनी विमानाचे नाक उशिरा आणि चुकीच्या पद्धतीने उचलले. दुसरे, विमानांच्या वेळेत बीड रस्त्यावरची वाहतूक रोखण्याची जबाबदारी राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणाने पार पाडली नाही. हे दुसरे कारण मला महत्त्वाचे वाटते. तो कापूस वाहणारा ट्रक रस्त्यावर कायदेशीरपणे चालला होता. ट्रकवाल्याला काय माहीत की आपल्या गठड्यांची उंची ही विमानशास्त्राची बाब आहे? त्याच्या रस्त्याच्या डोक्यावर एक हद्द आखलेली होती आणि ती फक्त कागदावर होती. त्या धावपट्टीची लांबी आता सुमारे ९,३०० फूट आहे. ती बारा हजार फुटांपर्यंत न्यायची योजना आहे आणि त्यासाठी चिकलठाणा, मुकुंदवाडी, मुर्तिजापूर या भागांतली जमीन लागणार म्हणून वर्षानुवर्षे चर्चा चालू आहे. १९९३ आठवले की धावपट्टी लांब आणि टोके मोकळी असावीत याला मी विरोध करू शकत नाही. सुरक्षिततेची मागणी खरी आहे. पण टोक मोकळे करायचे म्हणजे तेथून कोणाला तरी हलवायचे असते.

आता माझ्या हातून घडलेले सांगतो. त्या विमानतळाचे नाव येथे घेत नाही.

आमचे काम दिव्यांचे. धावपट्टीच्या दोन्ही कडांना साठ मीटरच्या आत एकेक पांढरा दिवा, सुरुवातीला हिरवे, शेवटी लाल. सारे दिवे एकाच माळेत, माळेतून ६.६ अँपिअर वीज सतत वाहते. प्रत्येक दिव्याला स्वतःचा छोटा ट्रान्सफॉर्मर, त्यामुळे एक दिवा गेला तरी माळ विझत नाही. धावपट्टीच्या बाजूला चार दिव्यांची एक ओळ असते. वैमानिकाला दोन लाल आणि दोन पांढरे दिसले तर उतार बरोबर. चारही पांढरे दिसले तर तो फार वर आहे, चारही लाल दिसले तर फार खाली. वीज गेली तर पंधरा सेकंदांत जनरेटरने भार उचललाच पाहिजे. मला या कामाचा अभिमान होता आणि आजही आहे. १९७२ च्या दुष्काळात माझी आई खडी फोडायला जात असे; मी अकरा वर्षांचा होतो. धावपट्टीच्या डांबराखाली तीच खडी असते. खडी फोडणारीचा मुलगा त्या खडीवर दिवे लावतो, असे मी मनाशी म्हणत असे.

तर आमच्या त्या छोट्या विमानतळावर रात्रीची विमाने उतरवायची ठरले. उंबरठ्यापासून बाहेर ४२० मीटर दिव्यांची रांग आखायची होती. भिंतीपलीकडे गायरान होते आणि गायरानावर आपल्या लोकांची पस्तीस-चाळीस घरे होती. मी आणि एक सर्व्हेअर खुंट्या ठोकत चाललो. एक म्हातारी बाहेर आली. माझ्या छातीवरची नावाची पट्टी तिने कोणाकडून तरी वाचून घेतली आणि म्हणाली, "जयभीम रं बाबा. आपलाच हायेस की. ह्या खुट्या कशाच्या?"

मी म्हटले, "मावशी, दिव्याच्या. दिवे लागले म्हंजी इमान रातीला बी उतरंल."

"दिवे?" ती म्हणाली. "मग आमच्या वस्तीत बी एखादा लाव की."

वस्तीत वीज नव्हती. मी हसून म्हणालो, बघतो. तिने मग विचारले, "आमच्या घराला काही व्हईल का?" मी म्हटले, "नाही मावशी. खांबच तेवढे उभे राहतील."

मला खोटे बोलायचे नव्हते. मला खरेच तसे वाटत होते. पण खांबांच्या मागोमाग भिंत पुढे सरकली, भिंतीबरोबर बाहेरून गस्तीचा रस्ता आला, आणि दीड वर्षात ती वस्ती उठली. शेजारच्या सातबारावाल्या शेतकऱ्यांना मोबदला मिळाला. कमी मिळाला म्हणून ते कोर्टातही गेले. वस्तीला काहीच मिळाले नाही, कारण कागदावर ती वस्ती नव्हतीच. गायरान सरकारी, आणि सरकारने सरकारची जमीन घेतली, एवढाच त्याचा अर्थ. पुढे मला समजले की कागद होता, फक्त कोणी मागितला नव्हता. तलाठ्याच्या दप्तरात गाव नमुना एक-ई नावाची अतिक्रमणाची नोंदवही असते. १९६४-६५ मध्ये दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह केला तेव्हापासून मराठवाड्यात गायरानाचा प्रश्न पेटता आहे. त्याचाच परिणाम म्हणून २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासननिर्णयाने १४ एप्रिल १९९० पूर्वीची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचे धोरण आले. ज्यांची नोंद एक-ईमध्ये होती, दंडाच्या पावत्या होत्या, त्यांना उभे राहायला जागा होती. आमच्या वस्तीतल्या काहींनी त्या गायरानात ज्वारी पेरलेली होती, दंडही भरला होता. पावत्या पत्र्याच्या डब्यात होत्या. मोजणी चालू असताना तो डबा उघडायला सांगणारा कोणीही नव्हता, आणि जो 'आपलाच' होता तो खुंट्या ठोकत होता.

२०१३ च्या भूसंपादन कायद्याने एक गोष्ट बरी केली. 'बाधित कुटुंब' या व्याख्येत ज्याच्या नावावर जमीन नाही पण जो त्या जमिनीवर संपादनापूर्वी तीन वर्षे राबून पोट भरतो, त्या मजुराचे कुटुंबही आले. परंतु अलीकडे जमीन 'थेट खरेदी'ने घेण्याची पद्धत वाढली आहे. तिथे बोलणी मालकाशी होतात. शेतमजूर त्या बैठकीला बोलावलाच जात नाही. सोलापूर-कोल्हापूरकडे आणखी एक पेच असतो. १९५८ च्या कायद्याने महार वतने गेली आणि जमिनी नव्या शर्तीवर परत मिळाल्या. आज त्या 'वर्ग दोन'च्या म्हणून गणल्या जातात, विकायला जिल्हाधिकाऱ्याची परवानगी लागते. ती लागते एवढ्याच भांडवलावर मधले लोक भाव पाडतात. कार्यकर्त्यांनी सातबारावरचा तो शिक्का आधी वाचावा.

विमानतळाच्या भिंतीबाहेर आणखी एक कायदा चालतो, आणि तो वाचून मी चकित झालो होतो. १९३७ च्या विमान नियमावलीतल्या ९१ व्या नियमाप्रमाणे विमानतळाच्या मध्यबिंदूपासून दहा किलोमीटरच्या आत पक्षी आकर्षित होतील अशा रीतीने जनावर मारणे, जनावर सोलणे, कचरा-घाण टाकणे याला बंदी आहे. पक्षी इंजिनात गेला तर विमान पडू शकते. घारी आणि टिटव्या हे आपल्याकडचे नेहमीचे संकट. नियमामागचे कारण शंभर टक्के खरे आहे. २०२४ चा नवा विमान कायदा आला तरी ही तरतूद राहिली, आणि शिक्षा तुरुंगवासाची आहे. पण 'जनावर सोलणे' हे शब्द कायद्यात वाचताना माझ्या डोळ्यांसमोर कायदा नव्हता, गाव होते. ज्या कामाला गावाने एका जातीला जुंपले आणि जे सोडा म्हणून महाडला बाबासाहेबांनी सांगितले, ते काम दहा किलोमीटरच्या वर्तुळात गुन्हा ठरते. उत्तम! पण ज्यांनी ते अजून सोडलेले नाही, ज्यांना ते सोडता आलेले नाही, त्यांना दुसरे काम देण्याची जबाबदारी त्या नियमात कोणावरही टाकलेली नाही. मेलेले जनावर उचलायला नगरपालिका त्यांनाच बोलावते, आणि ते कुठे टाकले म्हणून पोलीसही त्यांनाच विचारतात. कचऱ्याचा डेपो विमानतळाजवळ असेल तर तो हलवा असे पत्र जाते. तो हलून कोणत्या वस्तीशेजारी जातो, हे पत्रात लिहिलेले नसते.

आता आतल्या माणसांकडे वळतो.

मी १९८५ साली नागरी विमान खात्यात लागलो, राखीव जागेवर, रोजगार विनिमय केंद्राच्या कार्डावर. १९८६ मध्ये खात्याचे राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण झाले, १९९५ मध्ये भारतीय विमानतळ प्राधिकरण. पाट्या बदलल्या, हातातला मेगर तोच राहिला. आणि राखीव जागाही राहिल्या. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना, १९४३ मध्ये, केंद्राच्या नोकऱ्यांत आपल्यासाठी ८.३३ टक्के जागा पहिल्यांदा ठेवल्या गेल्या. माझी नोकरी त्या झाडाचे फळ होते. सरकारी प्राधिकरणात तो हक्क आजही आहे. पण तो पटावरच्या नोकरीला आहे, कंत्राटाला नाही. आणि विमानतळ जसजसा वाढतो तसतशी पटावरची माणसे वाढत नाहीत, कंत्राटे वाढतात. इमारत दुप्पट झाली म्हणजे फरशी दुप्पट झाली, काच तिप्पट झाली. ती पुसायला निविदा निघते. मोठा विमानतळ खासगी कंपनीकडे गेला तर कायमची नोकरीसुद्धा आरक्षणाच्या बाहेर जाते.

झाडलोटीच्या कंत्राटाचा इतिहास प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करावा असा आहे. १९७० साली कंत्राटी कामगारांचा कायदा झाला. ९ डिसेंबर १९७६ रोजी केंद्र सरकारने अधिसूचना काढून केंद्राच्या अखत्यारीतल्या आस्थापनांच्या इमारतींत झाडणे, पुसणे, सफाई आणि राखण या कामांवर कंत्राटी मजूर लावण्यास मनाई केली. वीस वर्षांनी, १९९६ मध्ये, एअर इंडियाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कंत्राट बंद झाले तर कामगार मूळ मालकाचे होतात. निकाल न्या. के. रामस्वामी यांनी लिहिला होता. आमच्या झाडूवाल्या बायकांना मी ती बातमी वाचून दाखवली होती. पाच वर्षे हा निकाल टिकला. ३० ऑगस्ट २००१ रोजी स्टील अथॉरिटीच्या खटल्यात पाच न्यायाधीशांच्या पीठाने तो फिरवला आणि १९७६ ची अधिसूचनाही रद्द केली. ही बातमी मी त्यांना वाचून दाखवली नाही. त्यांना ती पुढच्या निविदेच्या वेळी आपोआप कळली.

नवी इमारत झाली तेव्हाची गोष्ट. चौदा वर्षे गवत कापणाऱ्या आणि झाडणाऱ्या आठ बायका होत्या. नवा ठेकेदार आला. तो म्हणाला, जुन्या बायका ठेवतो, पण प्रवेश-पास नव्याने काढावे लागतील. पासला पोलीस-पडताळणी लागते. पोलीस पत्ता विचारतात. आठपैकी तिघी त्याच उठवलेल्या वस्तीतल्या होत्या. जुन्या पत्त्यावर घर नव्हते आणि नव्या जागी पत्ता नव्हता. आधार कार्डावर वस्तीचे नाव, वस्तीच्या जागी विमानतळाची भिंत! पोलिसांनी शेरा मारला, 'सदर पत्त्यावर मिळून आली नाही.' तिघींचे पास आले नाहीत. विमानतळाने त्यांचे घर घेतले, आणि घर नाही म्हणून विमानतळाने त्यांचे काम घेतले. यात कोणीही कायदा मोडला नाही. मी अधिकाऱ्यांकडे गेलो, ते सज्जन गृहस्थ होते, त्यांनी मला चहा दिला आणि म्हणाले, "सुरक्षेचा प्रश्न आहे, मी काय करणार?" मी माझ्या घरचा पत्ता तिघींपैकी एकीला दिला. ती वर्षभर माझी 'मावसबहीण' म्हणून कामावर राहिली. हे लिहिताना मला संकोच वाटत नाही. बाकी दोघींना मात्र मी काही देऊ शकलो नाही.

उडान योजनेचा उल्लेख न करता हा विषय सोडता येत नाही. ती २०१६ च्या ऑक्टोबरात जाहीर झाली. २७ एप्रिल २०१७ रोजी सिमला-दिल्ली विमान उडाले आणि त्याच दिवशी नांदेड-हैदराबाद मार्गही सुरू झाला. तासाभराच्या प्रवासाच्या ठरावीक आसनांना अडीच हजार रुपयांची मर्यादा, विमान कंपनीला तीन वर्षे नुकसानभरपाई, इंधनावर राज्याचा कर एक टक्का, अशी तिची रचना. हवाई चप्पल घालणाराही विमानात बसेल, असे सांगण्यात आले. महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालात हिशेब आहे. पहिल्या तीन फेऱ्यांत ७७४ मार्ग मंजूर झाले. त्यांतले ३७१ सुरू झाले. ११२ मार्गांनी तीन वर्षे पुरी केली. मार्च २०२३ मध्ये त्यांतले ५४ चालू होते. म्हणजे कित्येक गावांत भिंत झाली, इमारत झाली, खुंट्या ठोकून झाल्या, आणि मग विमान येईनासे झाले. विमान गेले म्हणून जमीन परत येत नाही. गायरान तर नाहीच नाही.

मी विमानतळाच्या विरोधात नाही, हे पुन्हा सांगतो. ६ डिसेंबर १९५६ च्या रात्री बाबासाहेबांना दिल्लीहून मुंबईला विमानानेच आणले. आज आपली मुले शिकायला परदेशात जातात, एखाद्या जिल्ह्याच्या गावाहून आजाऱ्याला तासाभरात मुंबईला नेता येते. या गोष्टी मला हव्या आहेत. माझे भांडण आहे ते आपल्या उशिरा पोचण्याशी. आपले मोर्चे उद्‌घाटनाच्या दिवशी निघतात. काळे झेंडे दाखवले जातात, फोटो येतो, आणि तोवर सारे ठरून गेलेले असते. विमानतळाच्या वाढीत दोन दिवस महत्त्वाचे असतात आणि त्या दोन्ही दिवशी कोणी मंत्री येत नाही. एक, ज्या दिवशी सर्व्हेअर खुंटी ठोकतो. दुसरा, ज्या दिवशी झाडलोटीच्या निविदेच्या अटी टाइप होतात. जुन्या कामगारांना प्राधान्य, पास मिळेपर्यंत तात्पुरत्या परवान्यावर काम, पगार बँकेत, अशी चार वाक्ये त्या अटींत घालून घ्यायला कोर्ट लागत नाही. त्या आठवड्यात कार्यालयात जाऊन बसणारी दोन शिकलेली माणसे लागतात.

अभ्यासवर्गातल्या त्या प्राध्यापकांना मी नंतर फोन केला. ते ज्या कॉलेजात शिकवतात तेथून एक प्रस्तावित विस्तार सात किलोमीटरवर आहे, हे त्यांना ठाऊक नव्हते. दोन विद्यार्थी घेऊन ते आले आणि आम्ही चौघे त्या गावी गेलो. मोजणीच्या खुंट्या अजून नव्हत्या, पण दगडांवर लाल रंगाने आकडे टाकलेले होते. गायरानात बावीस घरे मोजली. विद्यार्थ्यांनी वहीत नावे लिहून घेतली. तीन घरांत दंडाच्या पावत्या निघाल्या, एक १९८८ ची, घडीवर फाटलेली. तिथून आम्ही एक-ईचा उतारा मागायला तलाठी कार्यालयात गेलो. आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. ते रजेवर होते. कोतवाल म्हणाला, सोमवारी या. अर्जाची पोच घेतली आहे. सोमवारी जाणार आहोत.